ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ, लेखिका आणि भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम केले. त्यानंतर मुंबईत दादर येथे शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी विकासवाडी असे त्यांचे कार्य विस्तारत गेले. बालवाडी, अंगणवाडी, विकासवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यांच्या व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या प्रयोगांशी कायमचे जोडले गेले आहेत. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

ताराबाईंची ओळख पुष्कळदा भारतातील माँटेसरी अशी करून दिली जाते. ही ओळख अपुरी आहे. इटलीत तयार झालेली एक पद्धती त्यांनी मनापासून स्वीकारली खरी, परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला तो त्या पद्धतीतील महाग, शहरी आणि बंदिस्त भाग एकेक करून बाजूला काढण्यात. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेचे काय करायचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर हे त्यांचे खरे योगदान होय.

कौटुंबिक पार्श्वभूमी आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर घराण्यात झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. विधवाविवाहाचा नुसता पुरस्कार करून ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. ताराबाईंच्या आईचे नाव उमाबाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत असा विवाह केलेल्या कुटुंबाला नातलगांचा व जातीचा रोष सहन करावा लागे. प्रार्थना समाजाशी संबंधित कुटुंबांचे वर्तुळ हाच अशा घरांचा आधार होता. मुलींनी शिकावे, इंग्रजी वाचावे, चारचौघांत बोलावे यात त्या वर्तुळात काही वावगे मानले जात नसे. ताराबाईंचे शालेय शिक्षण मुंबईत झाले आणि १९१४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. मराठी मुलींमध्ये पदवीधरांची संख्या तेव्हा फारच थोडी होती.

विवाह आणि राजकोट

पदवीनंतर ताराबाईंचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला आणि त्या वऱ्हाडात राहावयास गेल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली आणि लहान मुलीची जबाबदारी ताराबाईंवर आली. स्त्रीने संसारातून बाहेर पडणे हे सुधारकांच्या घरांतही सहज पचण्याजोगे नव्हते. विभक्त स्त्रीला राहण्यास घर मिळण्यापासून अडचणी सुरू होत. ताराबाईंजवळ पदवी होती, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

त्यांनी राजकोट येथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद स्वीकारले. काठियावाडातील शिक्षिका तयार करणारी ही संस्था होती. पगार, निवासस्थान आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी या नोकरीत होत्या. एकट्या आईला एवढे स्थैर्य पुरेसे वाटले असते, पण दोनएक वर्षांतच ताराबाईंनी ही नोकरी सोडली. भावनगरला चाललेल्या एका बालशाळेविषयी त्यांच्या वाचनात आले होते. प्राचार्यपद सोडून त्या अशा ठिकाणी गेल्या, जेथे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून काम करायचे होते.

भावनगर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. त्याचे प्रवर्तक गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती पडले आणि वकिली सोडून ते शिक्षक झाले. लहान मुलांत ते इतके रमत की गुजरातेत मिशीवाली आई या अर्थाच्या नावाने लोक त्यांना ओळखू लागले. ताराबाई १९२३ मध्ये येथे आल्या आणि १९३२ पर्यंत राहिल्या. मराठी मातृभाषा असलेल्या ताराबाईंनी गुजरातीवर इतके प्रभुत्व मिळवले की त्यांचे आरंभीचे बरेचसे लेखन त्याच भाषेत झाले. गिजुभाईंबरोबर त्यांनी मुलांसाठी छोट्या पुस्तिकांची एक माला संपादित केली.

या काळात ताराबाईंनी जे आत्मसात केले ते समजण्यासाठी माँटेसरी पद्धतीचा गाभा पाहावा लागतो. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मूल हाताने काम करता करता शिकते आणि त्याला त्या कामाची निवड स्वतः करू द्यावी, हे त्यांचे मुख्य सूत्र. यासाठी त्यांनी साधने तयार केली. गुलाबी मनोरा या साधनात दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटिमीटर व सर्वांत मोठ्याची दहा. रंग, लाकूड आणि आकार सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे मुलाचे लक्ष फक्त लहानमोठेपणावर जाते. लाकडी ठोकळ्यात बसवायच्या दट्ट्यांचे साधन असे असते की एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक उरतो किंवा बसत नाही. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, बाईंना सांगावी लागत नाही. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना अक्षराचे वळण लिहिण्याआधीच हातात उतरते. गुंड्या लावण्याच्या, नाडी बांधण्याच्या चौकटी, पाणी ओतणे, झाडणे, पुसणे ही कामेही या पद्धतीत शिक्षणाचाच भाग होत.

छडी आणि घोकंपट्टी यांवर उभ्या असलेल्या तत्कालीन गावठी व सरकारी शाळांच्या तुलनेत हे सारे उलटे होते. शिक्षकाने कमी बोलावे, मुलाच्या कामात व्यत्यय आणू नये, शिक्षा आणि बक्षीस दोन्ही टाळावीत, हे पालकांना पटवून देणे सोपे नव्हते. बालमंदिरात मुलगा दिवसभर काय शिकला असे विचारले तर दाखवण्याजोगी पाटी नसे. ताराबाईंच्या पुढच्या लेखनात पालकांशी केलेला युक्तिवाद वारंवार येतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

भावनगरात ही पद्धती जशीच्या तशी मात्र राबवली गेली नाही. माँटेसरी यांनी लहान मुलांच्या शिक्षणात अद्भुत कथांना फारसे स्थान दिले नव्हते. गिजुभाई स्वतः कसलेले कथाकार होते आणि गोष्ट हा बालमंदिराचा प्राण होता. त्याचबरोबर लोकगीते, रास, बालनाट्य, बागकाम आणि सहली यांनाही वेळापत्रकात जागा मिळाली. परदेशी साधने महाग पडत. ती स्थानिक सुतारांकडून करून घेतली जात. माँटेसरी यांच्या अधिकृत प्रशिक्षणाची चौकट काटेकोर होती आणि भावनगरचे काम त्या चौकटीबाहेरचे होते. १९२६ मध्ये भावनगरला बालशिक्षणाचा प्रसार करणारा संघ स्थापन झाला. त्याच्या कामात ताराबाईंचा मोठा वाटा होता. पुढे हाच संघ नूतन बालशिक्षण संघ या नावाने ओळखला गेला. माँटेसरी हे नाव बाजूला ठेवून नूतन हा शब्द घेण्यात, आपण एखाद्या पद्धतीची शाखा चालवत नसून स्वतःचे काम करीत आहोत, ही जाणीव दिसते.

दादरचे शिशुविहार

ताराबाई मुंबईला परतल्यावर त्यांनी शिक्षण पत्रिका या मासिकाची मराठी आवृत्ती चालवली. गिजुभाईंच्या गुजराती मासिकाचेच हे मराठी रूप होते. घरोघरच्या पालकांपर्यंत आणि गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे हे त्यांचे मुख्य साधन ठरले.

१९३६ मध्ये दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी वस्तीत लहान मुलांसाठी पद्धतशीर चालवलेल्या आरंभीच्या शाळांमध्ये त्याची गणना होते. येथेच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापक मंदिर चालवले गेले. ही जोड महत्त्वाची होती. प्राथमिक शाळेच्या मास्तरांसाठी सरकारी प्रशिक्षण होते, पण तीन वर्षांच्या मुलाबरोबर काय करायचे हे शिकवणारी मराठी संस्था जवळपास नव्हती. घरात मुले वाढवलेल्या स्त्रीला ते आपोआप येते असा सर्वसाधारण समज होता. मुलाचे निरीक्षण करणे, त्याची नोंद ठेवणे, साधन मांडून बाजूला होणे, गोष्ट सांगताना आवाज वापरणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे आणि तो शिकावा लागतो, ही ताराबाईंची भूमिका होती. बालशिक्षिका या मराठी स्त्रियांच्या नव्या पेशाला आकार देण्यात अध्यापक मंदिराचा वाटा मोठा आहे.

शिशुविहार चांगले चालले. तेथे येणारी मुले मात्र शिकलेल्या, पगारदार घरांतील होती. बालशिक्षण ही सुखवस्तू लोकांची हौस आहे, हा आक्षेप त्या काळात सर्रास घेतला जाई आणि तो खोटा नव्हता. सान लोरेंझोच्या गरीब मुलांसाठी जन्मलेली पद्धती जगभर श्रीमंतांच्या शाळांत स्थिरावली होती. भारतातही तिची वाटचाल त्याच दिशेने चालली होती. दुसरीकडे, महात्मा गांधींच्या नयी तालीम विचाराचा विस्तार होऊन १९४४–४५ च्या सुमारास त्यात सात वर्षांखालील मुलांच्या, म्हणजे पूर्वबुनियादी शिक्षणाचा समावेश झाला होता. खेड्यातील गरीब मुलासाठी, खेड्यालाच परवडेल असे शिक्षण हवे, हा त्यातला आग्रह. वयाची पन्नाशी उलटलेल्या ताराबाईंनी दादरची घडी सोडून खेड्यात जाण्याचे ठरवले.

बोर्डी

बोर्डी हे तत्कालीन ठाणे (सध्या पालघर) जिल्ह्यातील गुजरातच्या सीमेजवळचे समुद्रकाठचे गाव. चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची वस्ती, शेतकरी, दलित आणि थोडे आत गेले की वारली आदिवासींचे पाडे अशी या परिसराची रचना आहे. गांधीवादी शिक्षक आचार्य शं. रा. भिसे यांच्यामुळे बोर्डीला शिक्षणाचे वातावरण आधीच होते. १९४५ मध्ये तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) ताराबाईंना येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे जिद्दीने शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या. एका ग्रामसेविका शिबिराच्या निमित्ताने दोघींची भेट झाली आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. योजना, लेखन आणि सरकारदरबारी पाठपुरावा प्रामुख्याने ताराबाईंकडे आणि पाड्यांतील रोजचे काम प्रामुख्याने अनुताईंकडे अशी विभागणी होत गेली. या जोडीचा उल्लेख कित्येकदा गुरुशिष्या असा केला जातो. प्रत्यक्षात खेड्यातील अनेक युक्त्या अनुताईंच्या हातून घडल्या आणि ताराबाईंच्या विचारात त्यांनी बदल घडवला.

बोर्डीत आल्यावर बालमंदिर हा शब्द मागे पडला आणि बालवाडी हा शब्द रूढ झाला. वाडी म्हणजे बाग, आणि वाडी म्हणजे घरांची लहान वस्तीही. कोकणच्या माणसाला हे दोन्ही अर्थ जवळचे. लाकडी साधनांऐवजी परिसरातील वस्तू आल्या: समुद्राकाठचे शंखशिंपले, बिया, पाने, फुले, खडे, काड्या आणि माती. मुद्दा केवळ काटकसरीचा नव्हता. चढत्या आकाराचे शिंपले ओळीने लावणारे मूल गुलाबी मनोऱ्याचेच काम करीत असते. चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करण्यात रंग, वजन व स्पर्श या तिन्हींचा सराव होतो. निरनिराळ्या झाडांची पाने जुळवताना आकारभेद कळतो आणि त्याबरोबर झाडाचे नावही. एका वेळी एकाच गुणाकडे लक्ष वेधणे हे माँटेसरी साधनाचे तत्त्व आहे. ते समजलेल्या शिक्षिकेला कारखान्यात बनवलेली पेटी लागत नाही. तत्त्व न समजता पेटी विकत घेतली तर तिचा उपयोग खेळण्यापलीकडे होत नाही. शिक्षिकेचे प्रशिक्षण ही खर्चातील सर्वांत आवश्यक बाब आणि साधन ही सर्वांत दुय्यम, असा हिशेब येथे मांडला गेला.

वेळापत्रकही बदलले. शहरातील शाळेत मूल न्हाऊन, खाऊन, धुतलेल्या कपड्यांत येते, हे तेथे गृहीतच असते. बोर्डीच्या वस्त्यांत तसे गृहीत धरता येत नव्हते. खरूज, उवा आणि डोळ्यांचे आजार सर्रास होते. त्यामुळे आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे यांनी बालवाडीचा दिवस सुरू होऊ लागला. ही कामे शाळेपूर्वीची तयारी म्हणून उरकली जात नसत. पाणी मोजून घेणे, अंग चोळणे, कपडा पिळून वाळत घालणे हे माँटेसरी पद्धतीतील जीवनव्यवहाराचेच पाठ होते. फरक इतकाच की रोममध्ये ते चौकटीवर शिकवले जात आणि येथे खऱ्या अंगावर. त्यानंतर गाणी, गोष्टी, परिसरात भटकंती, मातीकाम, चित्रे आणि मोजदाद असा क्रम असे.

शाळा अंगणात

तरीही मुले नियमित येत नव्हती. यातूनच अंगणवाडीची कल्पना पुढे आली.

पूर्वप्राथमिक शिक्षणात अंतर हा शिक्षणशास्त्राइतकाच कठीण प्रश्न असतो. दहा वर्षांचा मुलगा दोन कोस चालत शाळेला जाऊ शकतो. तीन वर्षांचे मूल ओढ्यापलीकडेही एकटे जात नाही. कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. महाड–पोलादपूरकडील उमरठसारखी डोंगराळ गावे घ्या किंवा डहाणूकडील पाडे घ्या, दहावीस घरांचे पुंजके टेकड्यांच्या अंगाखांद्यांवर विखुरलेले असतात. मधल्या एखाद्या ठिकाणी बांधलेली शाळा कागदावर सगळ्यांची असते आणि प्रत्यक्षात तिच्या शेजारच्या वाडीची. अंतराला जातीचेही परिमाण होते. दलित वस्तीतील आणि पाड्यांवरील मुलांना गावातल्या शाळेत पाठवण्यास त्यांचे आईबाप कचरत, आणि त्याला कारणेही होती.

यावर बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. शिक्षिका एखाद्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात किंवा झाडाखाली बसे आणि भोवतालच्या घरांतील मुले गोळा होत. आया कामे करता करता काय चालले आहे ते पाहत. इमारत नाही, भाडे नाही, प्रवेशाचा अर्ज नाही. आईच्या नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे मुलाचे रडणे कमी झाले, आणि शाळेविषयीचा आईचा संशयही. मुलांना स्वच्छ करताना पाहून तेच घरी करू लागणाऱ्या आया या अंगणवाडीच्या अप्रत्यक्ष विद्यार्थिनी ठरल्या.

कोसबाड

१९५७ मध्ये केंद्राचे मुख्य काम बोर्डीहून कोसबाड येथे हलले. कोसबाड हे डहाणू तालुक्यातील टेकडीवरचे ठिकाण. भोवती वारली वस्ती. या भागातील आदिवासींच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे गेल्या होत्या. वेठ आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पत्करावी लागणारी लग्नगडी ही गुलामी यांविरुद्ध १९४५ पासून गोदावरी परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा दिला होता. ताराबाईंचा मार्ग वेगळा होता. त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य राहिलेल्या, काँग्रेसच्या विचारांच्या कार्यकर्त्या होत्या आणि त्यांचा भर संघर्षापेक्षा संस्था उभारण्यावर होता. त्यांच्या कामाला वेठ मोडणारी चळवळ म्हणता येणार नाही. मात्र वेठ मोडल्यानंतरच्या पिढीने शाळेत कसे यायचे, या प्रश्नावर त्या भागात सर्वाधिक बारकाईने विचार झाला तो कोसबाडला.

मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध घेतला तेव्हा दोन कारणे ठळकपणे समोर आली. मुली येत नाहीत, कारण आईवडील मजुरीला गेल्यावर धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असतात. मुलगे येत नाहीत, कारण ते गुरेशेळ्या चारायला जातात. या दोन्ही कामांवर घरची चूल अवलंबून होती. आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देऊन ती टळणार नव्हती.

पहिल्या अडचणीवरचा तोडगा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात आणण्यात आल्या. आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला घेऊन आली तर तो पाळणाघरात राही, मधली बहीण बालवाडीत जाई आणि मोठी वर्गात बसे. भावंडे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. मोठ्या मुलींना पाळणाघरात मदत करताना बालसंगोपनाचे धडेही मिळत. शिक्षणखात्याच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे विभाग होते. कुटुंबाच्या दृष्टीने तो एकच प्रश्न होता आणि विकासवाडीने तो कुटुंबाच्या बाजूने पाहिला.

दुसऱ्या अडचणीतून कुरणशाळा आली. गुराखी मुले जेथे गुरे चारत, तेथेच शिक्षक जाऊ लागला. गुरांवर लक्ष ठेवत झाडाखाली शिकणे, दगड आणि पाने मोजणे, जमिनीवर काठीने अक्षरे काढणे, परिसरातील पक्षी, गवते आणि ऋतू यांवरून बोलणे असे तिचे स्वरूप होते. गुराख्याला शंभर झाडांची नावे ठाऊक असतात आणि कळपातले एक जनावर कमी असले तर न मोजता कळते. शाळेच्या वर्गात त्याच मुलाला मठ्ठ ठरवले जाते. त्याच्या ठाऊक असलेल्या गोष्टींपासून आरंभ करण्याची संधी कुरणशाळेने दिली. घंटा, हजेरीपट आणि चार भिंती यांवाचून शाळा असू शकते का, या प्रश्नाचे हे जितेजागते उत्तर होते. तिच्या मर्यादाही उघड होत्या: पावसाळ्यात वर्ग भरवणे अवघड होई, आणि एकेका शिक्षकाला डोंगरभर हिंडावे लागत असल्यामुळे हा प्रयोग सरकारी यंत्रणेत बसवणे कठीण होते. अंगणवाडी देशभर गेली, कुरणशाळा गेली नाही, यामागे हेही एक कारण असावे.

भाषेचा प्रश्नही कोसबाडला सतत जाणवत राही. पाड्यावरचे मूल वारली बोलते. पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला अपरिचित असते. बालवाडीत मुलांची गाणी, नाच आणि बोली यांना वाव देत हळूहळू प्रमाण मराठीकडे नेण्याचा प्रयत्न होई. ज्या घरांच्या गेरूच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जातात, तेथील मुलांना चित्रकलेची ओळख करून देण्याची गरज नव्हतीच.

लेखन

ताराबाईंनी गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत पालक, शिक्षक आणि मुले या तिन्ही वाचकवर्गांसाठी लिहिले. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त आणि नदीचे गुपित ही त्यांची मराठी पुस्तके. त्यांची भाषा बोधप्रद असली तरी उपदेशाने जड झालेली नाही. घरात रोज घडणारा एखादा प्रसंग घ्यायचा आणि तो मुलाच्या बाजूने उलगडून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. मूल हट्ट करते तेव्हा त्याच्या हट्टामागे बहुधा अडवलेले एखादे काम असते, हा विचार त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येतो. स्वतःच्या हाताने जेवू न दिलेले, पाणी सांडेल म्हणून भांडे हिसकावून घेतलेले, घाई म्हणून दुसऱ्याने चप्पल घातलेले मूल चिडते, आणि मोठी माणसे त्याला शिस्त नाही असे म्हणतात. शिस्तीचा अर्थ आज्ञापालन असा न घेता आपल्या कामात रमण्याची क्षमता असा घेणे, हा त्यांच्या लेखनातील मध्यवर्ती धागा आहे. शिक्षण पत्रिकेच्या संपादनाची जबाबदारी पुढे अनुताईंनी सांभाळली.

अखेरची वर्षे आणि नंतर

पद्मभूषण मिळाले तेव्हा ताराबाई सत्तर वर्षांच्या होत्या. त्यानंतरही नूतन बालशिक्षण संघाच्या कामाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. या योजनेतील गावपातळीवरच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले, आणि हिंदी, मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते रुळले. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, तसेच गरोदर व स्तनदा मातांची काळजी अशी तिची कामे ठरवण्यात आली. आरोग्य आणि शिक्षण एकाच अंगणात आणण्याची कल्पना बोर्डीच्या अनुभवाशी जुळणारी होती. प्रत्यक्ष कामाचा तोल मात्र बहुतेक ठिकाणी आहाराकडे आणि नोंदवह्यांकडे झुकला. एकाच सेविकेवर खिचडी, वजने, लसीकरणाच्या याद्या आणि सर्वेक्षणे यांचा भार पडल्यावर गोष्ट सांगण्यास आणि शिंपले मांडण्यास उरणारा वेळ थोडाच असतो. ज्या प्रशिक्षणाला ताराबाईंनी पहिले स्थान दिले होते, ते येथे अल्पकालीन राहिले. सेविकांना कर्मचारी न मानता मानधनावर ठेवण्यात आल्यामुळे हा पेशा आहे की सेवा, हा वाद आजतागायत चालू आहे.

शहरांत याच्या उलट घडले. शिशुवर्ग आणि बालवर्ग यांची संख्या वाढली, पण त्यांत तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन प्राथमिक शाळेचा अभ्यास आधीच उरकण्याची पद्धत रूढ झाली. शिशुविहाराने ज्या पाटीपुस्तकी शिक्षणाला पर्याय दिला, तेच माँटेसरी हे नाव लावून परत आले.

कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालवले. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोसबाडच्या टेकडीवरून या त्यांच्या आत्मकथनात ताराबाईंच्या सहवासातील वर्षांचे चित्रण आहे. अनुताईंचे २७ सप्टेंबर १९९२ रोजी निधन झाले. ताराबाईंच्या जीवनावर, विशेषतः त्यांचा मोडलेला संसार आणि त्यातून बाहेर पडून निवडलेले काम यांवर, नाटककार रत्नाकर मतकरी यांनी घर तिघांचं हवं हे नाटक लिहिले.